म्हातारी, दंताळं, धनुष्य, बैलाचं तोंड

माझ्या लहानपणी आई परातीत पीठ घेई, आणि त्यावर पाणी ओतण्याआधी बोटाने तीन चित्रे काढी. पहिले दंताळं, शेतातला काडीकचरा ओढायचे ते दातेरी अवजार. मग धनुष्य. शेवटी बैलाचं तोंड, म्हणजे एक वाटोळे आणि त्यावर दोन शिंगे. हा क्रम कधीही बदलला नाही. मी हसले की ती त्यांवर पाणी ओतून कणीक मळायला लागे. शेजारच्या घरांतून ओव्या, गोष्टी ऐकू येत. आमच्या घरी ही तीन चित्रे होती. ती कुठून आणलीस, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "माझ्या दगडावरची."

त्या दगडाची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. येथे ती सलग लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण आईने ती कधी सलग सांगितली नाही.

तिचे माहेर कुकडीच्या काठी होते, जेथे आज येडगाव धरणाचे पाणी पसरले आहे. वस्तीच्या कडेला एक दगड उभा होता. शेंदराची पुटे चढत जाऊन त्याचा मूळ आकार कोणाच्या आठवणीत राहिला नव्हता. तो वस्तीचा देव. धर्मांतराच्या वेळी साऱ्या वस्तीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि जुने देव सोडायचे ठरले. देव्हाऱ्यांतले टाक नदीत गेले. हा दगड उचलून टाकण्याजोगा नव्हता. तेव्हा माणसांनी पहारी लावून तो उतारावरून लोटत नेला आणि काठाच्या उथळ पाण्यात आडवा पाडला. काही दिवस त्याच्याकडे कोणी फिरकले नाही. मग एका बाईने त्यावर धुणे आपटले, दुसरीने आपटले, आणि तो धुण्याचा दगड झाला. घासून, आपटून, पाण्याने भिजून शेंदराचे कवच सुटत गेले आणि एका अंगाला ही चित्रे उघडी पडली.

आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. शाळा तिला ठाऊक नव्हती. धुणे झाले की बायका वर जात आणि ही मागे राही. दगडावर बसून पाय पाण्यात सोडी, हात खाली घाली आणि न बघता बोटांनी ती चित्रे चाचपत राही.

"लई गार लागायचं," ती म्हणे. "उन्हाळ्यात बी. आन तिथं बसलं की मला कुणी हाक मारायचं न्हाई."

घरात पाठची भावंडे, गोठ्यात म्हैस, चुलीवर भाकरी. दिवसभर तिच्या नावाच्या हाका. त्या दगडावर तेवढ्या हाका पोचत नसत.

लग्न होऊन ती आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळ आली. पुढे धरण झाले. वस्ती उठली आणि वरच्या अंगाला नवे गावठाण बसले. ते उठताना आई तेथे नव्हती. नंतर एकदा गेली, काठावर उभी राहिली, पाणी पाहिले आणि परतली. त्यानंतर माहेरी जाते असे ती कधी म्हणाली नाही. "भावाकडं जाते," असे म्हणे.

मी मंचरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. नोकरीभर दुसऱ्यांनी वाचायची पुस्तके जागच्या जागी लावली. निवृत्तीनंतर मनात बरीच चलबिचल झाल्यावर पुण्यात शनिवारी भरणाऱ्या प्राचीन लिपीच्या वर्गात नाव घातले. वर्गात सर्वांत वयस्क मीच. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत असे, म्हणजे एसटी गाठायला कोणाला न उठवता निघता येई.

एका शनिवारी बाईंनी जुन्नरच्या लेण्यांतले लेख शिकवायला घेतले. हे लेख बहुधा छोटे असतात. कोणी काय दिले, एवढेच त्यांत असते. कोणी गुंफा दिली, कोणी पाण्याचे टाके. त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, देयधम, म्हणजे धर्मासाठी दिलेले दान. बाईंनी तो ब्राह्मी लिपीत फळ्यावर लिहिला. चार अक्षरे. पहिले मला अनोळखी होते. पुढची तीन मी परातीत पाहिली होती.

वर्गात बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. वर्ग सुटल्यावर जिन्याखाली थांबले आणि बाई खाली आल्यावर अडखळत सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"स्मरण फार गोड असतं हो," त्या म्हणाल्या, "पण तो पुरावा नाही. तीन अक्षरं सारखी वाटणं हा योगायोगही असू शकतो. दगड मिळाला तर त्याचा ठसा आणा. मग बोलू."

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. काचबिंदूने तिची दृष्टी जात चालली होती. समोर माणूस आहे एवढे कळे, कोण आहे ते आवाजावरून. मी चपलाही न काढता विचारले, "आई, दंताळ्याच्या आधी काही होतं का गं?"

"व्हती की. म्हातारी."

"कसली म्हातारी?"

"पोक आलेली. आन तिच्या डोक्यावर आडवी काटकी." तिने हवेत बोट फिरवले. वरून खाली येणारी रेघ, मध्ये बाक, पुन्हा खाली, आणि माथ्यावर डावीकडे एक छोटी आडवी रेघ. फळ्यावरचा 'दे' हुबेहूब तसा होता.

"मग परातीत का काढत नव्हतीस?"

"तू भ्यायचीस. एकदा काढली तर जेवली न्हाईस."

मी तिच्याजवळ बसले आणि ती अक्षरे असल्याचे तिला सांगितले.

"काय लिवलंय?"

"धर्मासाठी दान दिलं, असं. फार जुनं असणार, लेण्यांच्या काळातलं. लेण्यांत तेव्हा भिक्खू राहत."

"म्हंजी बुद्धाच्याच धर्माचं?"

"बहुतेक. बघितल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार."

"म्हंजी त्यो आपलाच व्हता," ती म्हणाली आणि एकदम हसायला लागली. "आगं, आपला म्हणूनच ऱ्हायला असता. आमी त्याला देव समजून टाकला की!" हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "मला एकदा हात लावायचाय त्याला. डोळ्यांचं ऱ्हाऊ दे. हात हाय तवर."

तेव्हापासून आमच्या घरात धरणाच्या पाण्याचा विषय रोज निघू लागला. येडगावला वरच्या धरणांतून पाणी येते आणि तेथून कालव्यांना जाते. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मागे सरले तरी आवर्तन सुटले, म्हणजे शेतीसाठी वरून पाणी सोडले, की ते पुन्हा चढते. जुनी वस्ती उघडी पडेल इतके ते क्वचितच उतरे. एक उन्हाळा तसाच गेला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आईला माझी सावलीही नीट दिसेनाशी झाली होती. त्या चैत्रात मामेभावाचा फोन आला. तो गाळपेर करतो, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात चारा आणि काकडी घेतो.

"ताई, पाणी लई मागं गेलंय. वस्तीवरच्या चिंचेचं खोड उघडं पडलंय. यायचं तर लगेच या, आवर्तन सुटणार म्हणत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्याच्या घरी पोचलो. गाळातून आईला चालवणे शक्य नव्हते. तिला पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले.

"आत्या, तुमी हितंच बसा," तो म्हणाला. "दगड घावला की ट्रॅक्टर घेऊन येतो."

"आन न्हाई घावला तर?"

"तर चहा घेऊन येतो."

आईने माझे मनगट धरून जागा पुन्हा सांगितली. चिंचेला पाठ करायची, तोंड नदीकडे, वाट जिथे खाली उतरते तिथे उजव्या हाताला. तिच्या लेखी ती वाट अजून होती.

अंगण ओलांडल्यावर मामेभाऊ हळूच म्हणाला, "आत्याला बोललो न्हाई. वरनं काल सांजच्यालाच पाणी सोडलंय. दुपारपतुर हितं यील."

खाली उतरलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, वाळून पापुद्रे सुटलेले शेवाळ. मधूनच एखाद्या घराचे जोते, चुलीचे काळे दगड. चिंचेचे खोड करड्या रंगाचे, हाडासारखे दिसत होते. लांब पलीकडे ओझरच्या देवळाचा कळस उन्हात चमकत होता. मी चिंचेला पाठ केली, नदीकडे तोंड केले आणि उजव्या हाताला गेले. वाट नव्हतीच. मामेभाऊ पहार गाळात खुपसत पुढे चालला होता. लोखंड दगडावर वाजले की आम्ही वाकून हातांनी गाळ काढत असू. प्रत्येक वेळी नुसता दगड निघे.

"ताई, हितं दगडच दगड," तो घाम पुसत म्हणाला. "तुमच्या दगडापाशी आधार कार्ड हाय का?"

ऊन चढले. पात्राच्या मधल्या धारेत पाणी वाढल्यासारखे वाटत होते. की मलाच तसे वाटत होते, कळेना. पिशवीतला ठशाचा कागद मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होते.

शेजारच्या गाळपेरीत एक शेतकरी आजोबा चारा कापत होते. धरणापूर्वी नदीकाठची जमीन त्यांच्या घराण्याची होती. आमची धडपड पाहून ते विळा हातात घेऊन आले.

"काय पावणं, सोनं घावलं का?"

"सोनं घावलं असतं तर तुमाला दिसू दिलं असतं व्हय, भाऊ?" मामेभाऊ म्हणाला.

मी संकोचत त्यांना दगडाबद्दल सांगितले. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"त्यो शेंदऱ्या देव? धुण्याचा? त्यो हितं कुठला आता! आमच्या म्हाताऱ्यानं उचलला त्यो. डिझेल इंजिन आणलं ना नदीवर, तवा इंजिनाच्या ओट्याला जड दगड पायजे व्हता." त्यांनी विळा दुसऱ्या हातात घेतला. "तुमच्या लोकांला इचारायला पायजे व्हतं, खरं तर."

"आमी टाकला, तुमी उचलला," मामेभाऊ म्हणाला. "फिट्टंफाट. पण ओटा कुठाय ते दावा आधी."

त्यांनी हात केला. ओटा वरच्या अंगाला, थेट जुन्या काठावर होता. आम्ही भराभर चालू लागलो. आजोबा सर्वांच्या पुढे.

ओटा अर्धा गाळात होता. सिमेंटमधून गंजलेले बोल्ट वर आलेले, खाली लांबट काळा दगड. इंजिनाच्या तेलाने आणि गाळाने त्यावर दाट थर बसला होता. मी पाणी ओतून मऊ ब्रशने घासू लागले. बराच वेळ काही दिसेना. आजोबांनी डोक्याचे उपरणे काढून दगडावर तिरपी सावली धरली आणि कडेने थोडेसेच ऊन येऊ दिले. तेव्हा एक वाटोळे उमटले. त्याखाली दोन शिंगे. मला ते उलटे दिसत होते. मी गुडघ्यांवर बसून मान तिरपी केली, जवळजवळ जमिनीला टेकवली. बैलाचं तोंड. त्यामागे धनुष्य, दंताळं. आणि पोक आलेली म्हातारी, डोक्यावर आडवी काटकी घेतलेली. तिच्यामागे सिमेंट होते. देणाऱ्याचे नाव असले तर त्याखाली.

मामेभाऊ वाकून पाहत होता.

"हेच?"

मी मान हलवली.

"आत्याला आणतो," तो म्हणाला आणि गाळातून पळत सुटला.

त्याच वेळी आजोबा म्हणाले, "बाई, पाणी चढाया लागलं."

मधली धार रुंद झाली होती. ओट्यापासून चार हातांवरचा कोरडा गाळ काळा पडत चालला होता. मी मोबाईलवर फोटो काढले, पण भर उन्हात त्यांत काळ्या दगडाखेरीज काही येईना. मग दगड ओला केला, त्यावर भिजवलेला जाड कागद पसरला आणि ब्रशने ठोकायला लागले. कागद अक्षरांच्या खोबणीत शिरतो आणि तसाच वाळू दिला की त्यांचा आकार धरून ठेवतो. वाळण्याआधी काढला तर फार जपावा लागतो; बोट लागले तरी अक्षर दबते. मला अर्ध्या तासाची तरी गरज होती.

पाणी ओट्याच्या पायाला लागले. आजोबा हातांनी गाळाचा छोटा बांध घालू लागले आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "आरं थांब की जरा, थांब." पाणी बांधाच्या कडेने वळून आले. कागद अजून ओला होता. खालच्या कडेला नदीचे पाणी लागले तेव्हा मी तो दोन्ही हातांनी सोलला, ओंजळीत धरल्यासारखा आडवा धरला आणि मागे सरकले. थोड्या वेळाने दगड दिसेनासा झाला.

ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत खुर्ची, खुर्चीवर आई, आणि खुर्चीची पाठ मामेभावाच्या बायकोने घट्ट धरलेली.

"आत्या, घट धरा बरं का!" मामेभाऊ ओरडत होता.

"धरलंय! मी काय पोतं हाय व्हय?"

पाण्याच्या काठाशी ट्रॅक्टर थांबला. त्या दोघांनी आईला हाताला धरून उतरवले. तिने चेहरा माझ्याकडे नाही, पाण्याकडे वळवला. पाण्याच्या वासाची दिशा तिला कळत असावी.

"कुठाय?"

आजोबा म्हणाले, "बाई, आत्ता गेला. तुमच्या म्होरंच, हातभर पाण्यात."

"हातभर? मग जाते की मी."

"आत्या, खाली गाळ हाय. पाय रुतंल," मामेभाऊ म्हणाला. "पाणी वाढतंय."

तिने त्याचा हात झटकला नाही. तशीच दोन पावले पुढे गेली, पाणी घोट्यापर्यंत येईतो, आणि थांबली. लुगडे भिजत होते. तिथून पुढे गाळ खरोखरच धरत नव्हता, तिच्याही पायाला ते कळले. ती उभीच राहिली. मला तिचा चेहरा दिसत होता. तो रडका नव्हता. बाजारात गर्दीत हात सुटलेल्या लहान मुलीचा असतो तसा होता.

मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "आई, मी ठसा घेतलाय. अक्षरं कागदावर उतरलीत."

"दाखव."

तिने हात पुढे केला. वर्गातल्या बाईंचे शब्द माझ्या कानांत होते. माझ्यापाशी हा एकच ठसा होता, ओला, आणि दगड पाण्याखाली गेला होता. वाळेपर्यंत थांब, संध्याकाळी देते, असे मी म्हणू शकले असते. तिने ऐकलेही असते. माझे ती नेहमी ऐकत आली.

मी कागद माझ्या तळहातांवर पसरून तिच्यापुढे धरला. ओल्या कागदातून पाणी माझ्या मनगटांवर ओघळत होते. तिने बोटे टेकवली. सुरुवातीला अगदी हलकी, मग नेहमीची, कणीक चाचपावी तशी. म्हातारीवरून दंताळ्यावर, दंताळ्यावरून धनुष्यावर. बैलाच्या तोंडाशी तिचा अंगठा थांबला आणि तिथेच गोल फिरत राहिला. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागले होते.

"गार हाय गं," ती म्हणाली.

मागे ट्रॅक्टर धडधडत होता. मामेभावाने जाऊन तो बंद केला. तिला कोणी हाक मारली नाही.

तो कागद वाळल्यावर मी बाईंकडे नेला. त्यांनी तो खिडकीशी तिरपा धरून पुष्कळ वेळ पाहिला. म्हातारी आणि दंताळं ओळखू येत होती. धनुष्याची दोरी गेली होती. बैलाच्या तोंडाच्या जागी एक गुळगुळीत खळगा होता.

"इथं कोणाचा तरी हात लागलाय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटले.

त्यांनी अधिक विचारले नाही. एवढ्यावर काही छापता येणार नाही, पुन्हा पाणी उतरले तर कळवा, आपण सगळे मिळून जाऊ आणि सिमेंटही काढून घेऊ, असे म्हणाल्या. सरकारी कार्यालयातही मी जागा कळवून ठेवली आहे. पाणी उतरल्याशिवाय त्यांनाही काही करता येण्याजोगे नाही.

आईला आता अजिबात दिसत नाही. या वर्षी वळवाचे पाऊस लवकर झाले. वैशाखात तिने रोज सकाळी मला मामेभावाला फोन लावायला सांगितले. रोज तोच जबाब, "चिंच अजून पाण्यातच हाय, ताई." मी तो तिला सांगत असे आणि तिच्याजवळ बसून राहत असे. शेवटच्या वेळी तिने उत्तर ऐकले आणि मांडीवरचे हात एकमेकांवर ठेवले.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गार तरी ऱ्हाईल."